दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर?

शाळा, पतसंस्था, शिष्यवृत्ती निधी यांचे हिशेब आता संगणकावर आले आहेत. मेळ बसला नाही की "सिस्टीमची चूक" एवढं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. मला हे उत्तर मान्य नाही. यातल्या अनेक चुका कशा टाळायच्या, हे जाणकारांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. याच कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

समजा, निधीत १०,००० रुपये शिल्लक आहेत. दोन कारकून आपापल्या संगणकावर एकेका विद्यार्थ्याला ८,००० रुपये मंजूर करतात, तेही एकाच क्षणी. दोघांनाही शिल्लक १०,००० दिसते. पहिल्याची नोंद २,००० लिहिते, दुसऱ्याचीही २,०००च लिहिते. मंजुरी १६,००० ची आणि कागदावर अजून २,००० शिल्लक! यातल्या एका मुलाची फी भरली जाणार नाही, आणि हे कळेपर्यंत मुदत संपलेली असेल.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे अख्खं टेबल लॉक करणं. मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन हेच करतं. पण मग एकाची नोंद होईपर्यंत बाकी सगळे रांगेत. शिवाय त्यात ट्रान्झॅक्शन नाही. निधीतून रक्कम वजा झाली आणि मध्येच वीज गेली, तर विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतेच असं नाही. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं. ते गरजेपुरत्या ओळी लॉक करतं आणि व्यवहार पूर्ण करतं किंवा पूर्ण मागे घेतं.

मात्र नुसतं ट्रान्झॅक्शन लावून भागत नाही. साध्या वाचनाला तिथे लॉक लागत नाही, म्हणून वरची चूक तरीही होऊ शकते. शिल्लक वाचतानाच "सिलेक्ट फॉर अपडेट"ने ती ओळ धरावी लागते. मग दुसरा थांबतो आणि त्याला खरी शिल्लक २,००० दिसते. दोन व्यवहार एकमेकांसाठी अडून बसले, म्हणजे डेडलॉक झाला, तर इंजिन एकाला रद्द करतं. तो पुन्हा चालवणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम.

म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर घेताना रंगीत पडद्यांवर भुलू नका. विक्रेत्यासमोर दोन संगणक ठेवा, शेवटच्या रकमेवर दोघांना एकदम बटण दाबायला सांगा आणि मग शिल्लक तपासा. आपल्या वस्त्यांतली जी मुलं बीसीए, बीएस्सी करताहेत, त्यांच्या शिक्षकांनीही हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. व्याख्या पाठ करून हे समजत नाही.

लोकांनी दिलेला पैसा अमानत असतो. तो सांभाळणारी वही कागदाची असो की संगणकाची, हिशेब माणसालाच द्यावा लागतो.