"ब्राझीलवाल्यांना जगता येतं यार!"

ब्राझील म्हटलं की आपल्या ऑफिसातल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर ठरलेल्या चार-पाच गोष्टी येतात. फुटबॉल, कार्निव्हल, पिसांचे मुकुट घातलेल्या बायका, कोपाकबानाचा किनारा, आणि ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे पेले नाहीतर नेमार. आणि त्यापाठोपाठ एक वाक्य येतंच येतं... "त्या लोकांना जगता येतं यार! आपण नुसते राबतो." मार्च २०२५ मध्ये तीन आठवडे तिथे फिरून आल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं, या शनिवारी यावरच लिहावं. माझं मत थोडक्यात असं: हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्यासाठी सोयीची पळवाट आहे.

कसं ते सांगते.

मी डोलवीची. मुंबई-गोवा हायवेने जाताना वडखळ सोडलं की पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागतात ना, तीच डोलवी. २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने ताबा घेतला, पण गावातली जुनी माणसं अजून 'इस्पात'च म्हणतात. अशा गावात वाढलं की एक खोड लागते. कुठलीही झगमगीत वस्तू दिसली की पहिला प्रश्न डोक्यात येतो, ही बनवली कुणी आणि कुठल्या शिफ्टला?

गंमत म्हणजे ब्राझीलचं नावच या प्रश्नाचं उत्तर देतं. ब्राझील हे मुळात एका लाकडाचं नाव. त्यापासून लाल रंग निघतो. आशियातून युरोपात जाणाऱ्या पतंगाच्या लाकडाला तिथे आधीपासूनच हे नाव होतं. १५०० साली काब्राल हिंदुस्थानच्या वाटेवर असताना पलीकडच्या किनाऱ्याला लागला, तिथे तसंच झाड सापडलं, आणि देशाला मालाचं नाव पडलं. पोर्तुगीजमध्ये '-एरो' हा प्रत्यय बहुतेकदा धंद्याला लागतो. पादेरो म्हणजे पाववाला (गोव्यातला पोदेर तोच), फेरेरो म्हणजे लोहार. 'ब्राझिलेरो' म्हणजे मुळात या लाकडाचा धंदा करणारा. आपण 'पेणकर' म्हणतो ते गावावरून. ब्राझीलच्या माणसाला मात्र त्याच्या कामावरून नाव पडलंय!

आता कार्निव्हल. टीव्हीवर दिसते ती एक रात्र. रिओच्या सांबाद्रोममध्ये (ऑस्कर निमायरने आराखडा केलेली ही जागा १९८४ साली उघडली) पहिल्या गटातली बारा मंडळं उतरतात. २०२५ पासून तीन रात्री, रोज चार. त्यांना 'एस्कोला दी सांबा' म्हणजे सांबाची शाळा म्हणतात, पण आपल्या डोक्यात बसेल असा शब्द 'मंडळ'च. प्रत्येक मंडळ एखाद्या वस्तीचं. मांगेरा हे त्यातलं नावाजलेलं, १९२८ सालचं. दरवर्षी नवा विषय, त्यावर नवं गाणं, नवे चित्ररथ, हजारो पोशाख. एका मंडळाला मिळतो साधारण सव्वा तास. परीक्षक ताल, पोशाख, चित्ररथ अशा एकेका बाबीला दशांशात मार्क देतात, आणि राखेच्या बुधवारी निकाल. तळाचं मंडळ थेट खालच्या गटात.

या सव्वा तासासाठी वर्षभर जिथे काम चालतं त्या शेडला 'बाराकांव' म्हणतात. वेल्डिंग, सुतारकाम, फायबरचे पुतळे, शिवणयंत्रांच्या रांगा. पेणजवळ हमरापूर-जोह्याला जो कुणी जूनमध्ये गेलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे त्याला सरळ 'गणपतीचे कारखाने' म्हणतात. विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कित्येक महिने आधी बोटीने रवाना होतात. डोळ्यांची आखणी करणारा हात वर्षभर तेच करत असतो. पण या लोकांना कुणी म्हणतं का, "पेणवाल्यांना काय एन्जॉय करता येतं बुवा"? नाही ना! मग रिओच्या शिंपिणीने काय घोडं मारलंय?

आणि हा सांबा कुणाचा? गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या लेकरांचा. अमेरिका खंडात गुलामी सगळ्यात शेवटी बंद केली ती ब्राझीलने, १८८८ साली. त्यानंतरही कित्येक वर्षं या गाण्याबजावण्यामागे पोलिसांचा ससेमिरा असायचा. तेव्हा रिओत बाहियाहून आलेली तिया सियाता नावाची बाई होती (१८५४-१९२४). तिया म्हणजे मावशी. ही मावशी गोड पदार्थ विकायची आणि तिच्या घरी सांबाच्या बैठकी रंगायच्या. आजही प्रत्येक मंडळात घेरदार झग्यातल्या वयस्कर बायकांची एक तुकडी असावीच लागते, ती अशा मावश्यांच्या मानाखातर. टीव्हीचा कॅमेरा त्यांच्यावर फार थांबत नाही, ही गोष्ट वेगळी...

आता सुट्ट्यांकडे येऊ. इथे आपला खरा जीव अडकलाय :-)

ब्राझीलमध्ये रीतसर नोकरी असेल तर वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. त्या रजेच्या पगारावर आणखी एक तृतीयांश रक्कम, ही तरतूद १९८८ च्या राज्यघटनेतली. शिवाय वर्षाअखेर तेरावा पगार, १९६२ च्या कायद्याने. आठवड्याला जास्तीत जास्त ४४ तास काम, हेही घटनेतच. हे त्यांच्या रक्तातल्या मौजेमुळे मिळालं का? १९१७ साली साओ पावलोत मोठा सार्वत्रिक संप झाला, त्याची ठिणगी एका कापड गिरणीत पडली आणि त्यात बायका पुढे होत्या. १९७८ नंतर तिथल्याच धातू कामगारांनी लष्करी राजवटीत संप केले. त्यांचा पुढारी लूला, ज्याचं एक बोट यंत्रात गेलं होतं, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे किनाऱ्यावर निवांत पडलेला जो ब्राझीलवाला आपल्याला दिसतो, त्याच्या त्या निवांतपणामागे चार पिढ्यांची भांडणं आहेत.

आणि तरी सगळं आलबेल नाहीये. काम करणाऱ्या दहांतले जवळपास चार जण रीतसर नोकरीच्या बाहेर आहेत. किनाऱ्यावर आपल्याला थंड माते चहा विकणारा बहुधा त्यांतलाच. त्याला कुठली रजा आणि कुठला तेरावा पगार? दुकानांत, हॉटेलांत सहा दिवस काम-एक दिवस सुट्टी असा 'सहा गुणिले एक' हिशोब चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरात हा हिशोब बंद करा म्हणून तिथे मोठं आंदोलन पेटलं. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्याकडे चर्चा कशावर चालली होती आठवतंय? आठवड्याला ७० तास काम करावं की नाही यावर!

मुलगी म्हणून मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "एकटी गेलीस? सेफ आहे का?" तर, जेवढी काळजी इथे घेते तेवढीच तिथे घेतली. रिओच्या मेट्रोत २००६ पासून गर्दीच्या वेळी बायकांचा वेगळा डबा असतो. लेडीज डब्यात आयुष्य काढलेल्या मला तो बघून हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्याच २००६ साली तिथे घरगुती हिंसेविरुद्धचा मारिया दा पेन्या कायदा आला. नवऱ्याने गोळी घातल्यावर पांगळी झालेल्या बाईच्या नावाचा. १९८३ सालची घटना, कायदा यायला तेवीस वर्षं. पिसांच्या मुकुटावरून 'तिथल्या बायका किती मोकळ्या' हे ठरवणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं. (जाणारणींसाठी: यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि कार्ड जपून ठेवा. परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात.)

तर सांगायचा मुद्दा असा. 'त्यांना जगता येतं' असं म्हटलं की ती त्यांच्या स्वभावाची गोष्ट होते. मग आपण हळहळून पुन्हा लॅपटॉप उघडायला मोकळे! ती व्यवस्थेची गोष्ट आहे म्हटलं तर मात्र प्रश्न आपल्यावर येतो. आपण रजेचा अर्ज माफी मागितल्यासारखा का लिहितो? टीममधली एखादी आठवडाभर गावी गेली की तिच्यामागे कुजबुज का करतो? शनिवारी रात्री आलेल्या मेलला लगेच उत्तर देणाऱ्याला शाबासकी का देतो? यातलं काहीही बदलायला ब्राझीलचा व्हिसा लागत नाही.

त्यामुळे ब्राझीलला जायचं तर जरूर जा. सांबाद्रोमचं तिकीट परवडलं नाही तरी बाराकांव बघा. आणि तेवढं लांब जमणार नसेल तर जूनमध्ये हमरापूरला जा, पेणहून जवळच आहे. कारखान्यात शिरताना चपला बाहेर काढा, कामात अडथळा न आणता विचारा, सांगतात लोक. आणि हो, त्यासाठी एक दिवस रजा टाका. कारण विचारलं तर 'पर्सनल' लिहा, पुरे.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.