हंगाम मुलाचा, पालकाचा नव्हे

सप्टेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालणारा लहान मुलांच्या आइस हॉकीचा हंगाम कॅनडातल्या लाखो घरांचे वेळापत्रक ठरवतो. बर्फाचे मैदान, म्हणजे रिंक, तासाच्या भाड्याने मिळते. सोयीच्या वेळा सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून सुटीच्या दिवशीही पुष्कळ सराव उजाडायच्या आत ठेवावे लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रिंकवर कुणीतरी पोहोचवावे लागते, त्याच्या स्केटच्या नाड्या घट्ट बांधून द्याव्या लागतात, बाहेरगावच्या स्पर्धांना सोबत जावे लागते. संघाचा व्यवस्थापक, सामन्याची वेळ नोंदवणारा आणि बऱ्याचदा प्रशिक्षकसुद्धा कुणाची तरी आई किंवा कुणाचे तरी वडीलच असतात. ही सगळी व्यवस्था पालकांच्या बिनपगारी श्रमांवर उभी आहे. हा खेळ आता केवळ जुन्या कॅनेडियन घराण्यांचा राहिलेला नाही. व्यावसायिक सामन्यांचे पंजाबी समालोचन २००८ पासून ऐकू येऊ लागले, आणि मिसिसागा-ब्रॅम्प्टनसारख्या शहरांतल्या मराठी घरांसमोरही आज हाच प्रश्न आहे: मुलाच्या हंगामात पालकाची जागा कोणती? माझे म्हणणे असे की पालकाने हंगामभर मुलाच्या सोबत राहावे, त्याच्या सुरक्षिततेवर आणि त्याला मिळणाऱ्या वागणुकीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पण त्याच्या कामगिरीचा ताबा घेऊ नये. आज बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे चालते.

ज्या मताचे खंडन करायचे ते आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. या मताचे पालक म्हणतात: आम्ही वर्षाला हजारो डॉलर खर्च करतो, झोप आणि सुट्या देतो, मग मुलगा किती मिनिटे बर्फावर होता, त्याने किती गोल केले, प्रशिक्षकाने त्याला दुसऱ्या फळीत का टाकले, हे आम्ही विचारायचे नाही तर कुणी? निवड चाचण्या खऱ्या आहेत. हाउस लीग या स्थानिक, हौशी पायरीपासून ए, डबल ए आणि ट्रिपल एपर्यंतच्या पायऱ्याही खऱ्या आहेत, आणि एकदा खालच्या पायरीवर राहिलेल्याला वर चढणे अवघड जाते. प्रशिक्षक स्वतः पालक असला तर तो आपल्या मुलाला झुकते माप देणार. लहान मुलाला दूरचे दिसत नाही. ते मोठ्यानेच पाहायला हवे. वॉल्टर ग्रेट्स्कीने ब्रँटफर्डच्या घरामागे पाणी गोठवून रिंक केली नसती, तर त्याचा मुलगा, महान हॉकीपटू वेन ग्रेट्स्की घडला असता का? यातले प्रत्येक वाक्य विचार करण्याजोगे आहे, आणि ते म्हणणारे पालक आपल्या मुलांवर प्रेम करणारेच असतात.

या मताचा पाया असा की नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या खेळावरून त्याचे भवितव्य दिसते. तो पाया कच्चा आहे. कॅनडात वयोगट एक जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात उतरतात आणि त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. नवव्या वर्षी ते अंतर आयुष्याच्या नवव्या हिश्शाएवढे असते. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले की वरच्या स्तरांवरच्या हॉकी खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. याचे कारण साधे आहे. थोडा थोराड मुलगा चाचणीत निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त बर्फ मिळते, आणि पुढच्या वर्षी तो खरोखरच सरस ठरतो. म्हणजे प्रेक्षागारात बसून पालक ज्याला गुणवत्ता समजतो, तिच्यात जन्मतारखेचा मोठा वाटा असतो. आणि पुढची शक्यता किती? १९७५ साली जन्मलेल्या ओंटारिओतल्या सुमारे तीस हजार मुलांचा माग काढला गेला, तेव्हा एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक लीगच्या संघांनी निवडलेले त्यांच्यातले पन्नासही भरले नाहीत. त्यांतलेही सगळे एनएचएलमध्ये खेळले नाहीत. एवढ्या विरळ शक्यतेसाठी आणि एवढ्या अस्थिर मापाने मुलाची प्रत्येक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, तोलणे याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही.

आता ग्रेट्स्कीचे उदाहरण. ते नेहमी अर्धेच सांगितले जाते. वेन सहाव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळत होता. एवढ्या अपवादावरून नियम काढता येत नाही. वडिलांनी घरामागे रिंक केली हे खरे. पण ती अशी जागा होती जिथे मुलगा मन मानेल तितका वेळ खेळू शकत होता, आणि तिथे ना गुणफलक होता ना निवड समिती. उन्हाळा आला की तो बेसबॉल आणि लॅक्रोस खेळे; बारा महिने एकच खेळ हे त्याचे बालपण नव्हते. उरलेली अर्धी कथा याहून बोचरी आहे. दहाव्या वर्षी एका हंगामात त्याने ३७८ गोल केले आणि गावोगावच्या रिंकवर मोठी माणसे त्या पोराची हुर्यो उडवू लागली. चौदाव्या वर्षी तो घर सोडून टोरांटोला गेला, त्याचे एक कारण हा मत्सर होता. हुर्यो उडवणारे कोण होते? आपापल्या मुलाचा हंगाम मन लावून पाहणारे पालकच. ग्रेट्स्कीच्या बालपणाने काही सिद्ध होत असेल तर इतकेच की मोकळा खेळ मुलाला घडवू शकतो, आणि पालकांची स्पर्धा सर्वांत गुणी मुलालाही गाव सोडायला लावू शकते.

मुलाने खेळावे ते मुलाच्या नव्हे तर आपल्या इज्जतीसाठी असे एकदा मनात बसले, की वागण्याला धरबंध राहत नाही. जुलै २००० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रीडिंग गावी मुलांच्या सरावातल्या धसमुसळेपणावरून दोन वडिलांचे भांडण झाले. मारहाणीत एकाचा जीव गेला, तोही मुलांच्या देखत. दुसऱ्याला २००२ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले. ही टोकाची घटना होती, हे मान्य. पण टोकाची घटना ज्या वातावरणात घडते ते रोजचे असते. त्याच वर्षी, २००२ मध्ये, हा फक्त खेळ आहे, जरा शांत व्हा, असे पालकांना सांगणारी जाहिरात मोहीम हॉकी कॅनडाला चालवावी लागली. पुढे कॅनडातल्या अनेक ठिकाणी असा नियम आला की घरातल्या निदान एका पालकाने वर्तणुकीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय मुलाची नोंदणी होणार नाही. मुलांसाठी नव्हे, तर पालकांसाठी अभ्यासक्रम सक्तीचा करावा लागतो, यातच निदान आले. प्रेक्षागारातल्या शिव्या ज्याच्या वाट्याला येतात तो पंचही पुष्कळदा शाळकरी मुलगाच असतो. आपल्या मुलाला न्याय मिळावा म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा अपमान करणे ही न्यायाची शिकवण होऊ शकत नाही.

मुलांच्या बाजूने पाहिले तर हे ओझे अनाठायी असल्याचे आणखी स्पष्ट होते. अमांडा व्हिसेक या संशोधिकेने अमेरिकेतल्या फुटबॉल (सॉकर) खेळणाऱ्या मुलामुलींना खेळात मजा कशाने येते हे विचारून ८१ घटकांची यादी केली. जीव तोडून खेळणे, सवंगड्यांशी जुळणे आणि प्रशिक्षकाने चांगले वागवणे या गोष्टी वर आल्या. जिंकणे ४८ व्या क्रमांकावर होते. खेळ निराळा असला तरी मुले तीच आहेत. गाडीत बसल्याबरोबर ज्या गोष्टीची उलटतपासणी सुरू होते, ती मुलाच्या लेखी पहिल्या चाळिसातही नसते.

यावरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: पालकांनी मुलाला रिंकच्या दाराशी सोडावे आणि बाकीचे प्रशिक्षकावर सोपवावे. हेही मला मान्य नाही, आणि यामागचे कारण हॉकीच्या इतिहासातच आहे. एनएचएलमध्ये खेळलेल्या शेल्डन केनेडीने किशोरवयात आपल्या प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराला तोंड फोडले आणि १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला शिक्षा झाली. यात कुणाच्या आईवडिलांवर ठपका ठेवण्याचा प्रश्न नाही. विचार करायचा तो प्रशिक्षकाच्या हाती एवढी सत्ता येते कुठून याचा. तो मुलाला वरच्या पायरीवर नेऊ शकतो या समजुतीतून ती येते. ज्या घरात कारकीर्द हाच हंगामाचा हेतू असतो, तिथे प्रशिक्षकाला दुखवण्याची भीती आधी येते आणि मुलाची तक्रार नंतर. कामगिरीवरची नजर जितकी तीक्ष्ण होते, तितकी माणसावरची नजर बोथट होण्याचा धोका असतो. म्हणून पालकाचे लक्ष काढून घेणे हा उपाय नव्हे. ते योग्य जागी वळवले पाहिजे. ज्या अभ्यासक्रमांचा वर उल्लेख केला त्यांच्यामागच्या संस्थेच्या संस्थापकांत केनेडी आहे, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

योग्य जागी वळवलेले लक्ष काय करू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे अंगावर धडक देण्याचा प्रश्न. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना प्रतिस्पर्ध्याला शरीराने धडक देऊ द्यावी की नाही यावर कॅनडात वर्षानुवर्षे वाद होता. लवकर शिकले नाही तर पुढे मार खातील, असे धडकेच्या बाजूचे म्हणत. कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी अल्बर्टा, जिथे या वयात धडक चालत असे, आणि क्विबेक, जिथे ती चालत नसे, यांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांची तुलना केली. अल्बर्टातल्या मुलांना मेंदूला मार बसण्याचा धोका तिपटीहून जास्त होता, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटात धडकेवर बंदी घातली. तसेच २०१७ पासून कॅनडात पाच-सहा वर्षांच्या मुलांचे सामने दोनशे फुटांच्या पूर्ण रिंकऐवजी अर्ध्या किंवा त्याहून लहान भागात खेळवणे सक्तीचे झाले, कारण छोट्या जागेत प्रत्येक मुलाच्या काठीला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, अधिक वेळा लागतो. दोन्ही बदलांना काही पालकांनी विरोध केला, तो ही खरी हॉकी नव्हे या कारणाने. मोठ्यांच्या खेळाची प्रतिमा डोळ्यांसमोर ठेवली की समोरचे पाच वर्षांचे मूल दिसेनासे होते. पालकाने संघटनेला विचारायचे प्रश्न या जातीचे आहेत: डोक्याला मार लागल्यावर मुलाला कधी परत उतरवता? प्रत्येकाला बर्फावर वाटा मिळतो का? बंद खोलीत मुलांसोबत किती मोठी माणसे असतात?

आक्षेप येईल: हौसेने खेळवून पोरे मागे पडतील, जग स्पर्धेचे आहे. नॉर्वेने १९८७ पासून मुलांच्या खेळाचे हक्क लिहून काढले. तिथे लहान वयोगटांत गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या लावत नाहीत. तरी २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक पदके, ३९, नॉर्वेनेच मिळवली. आइस हॉकीत नॉर्वे बलाढ्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि एका देशाच्या पदकांवरून सारे सिद्ध होत नाही. पण स्पर्धा उशिरा सुरू केली की देश मागे पडतो, हा समज तरी यातून टिकत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये बहुतेक खेळांसाठी सल्ला दिला तो असा, की एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे. म्हणजे संयम हा खेळाडू घडण्याच्या आड येत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून आणखी एक आक्षेप येतो, आणि तो मनापासूनचा असतो: आईवडील मागे लागले म्हणूनच आम्ही शिकलो, इथवर आलो, मग खेळात मागे लागले तर चुकले कुठे? चुकते ते असे. परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. बर्फावरचे मूल क्षणाच्याही अंशात ठरवते की पक कुणाकडे द्यायचा. तो निर्णय त्याचाच असावा लागतो, आणि प्रेक्षागारातून आलेली आरोळी तोवर शिळी झालेली असते, शिवाय बहुधा प्रशिक्षकाच्या सूचनेविरुद्ध असते. अभ्यासात मागे लागण्याने मूल पुस्तकापाशी बसते; खेळात मागे लागण्याने त्याची नजर पकवरून सुटून आईवडिलांच्या चेहऱ्याकडे जाते. राहिला खर्चाचा हिशेब. पंगत वाढून पाहुण्यांचे घास मोजणाऱ्या यजमानाने अन्न घातले असे म्हणता येत नाही. शिष्यवृत्ती किंवा करार हाच परतावा धरून पैसे घालायचे असतील, तर ते न घालणे शहाणपणाचे. हाउस लीगचा खर्च बराच कमी असतो आणि खेळ तोच असतो. तिथे मुलाला खेळवणे हा कमीपणा नाही.

मग पालकाने करायचे काय? सामने पाहावेत, कारण आपले पाहायला कुणी आले आहे याचे बळ मुलाला खरेच मिळते. आपल्या मुलाइतक्याच मनाने त्याच्या सवंगड्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळालाही दाद द्यावी. सामन्याविषयी मूल बोलले तर ऐकावे, विचारले तरच मत सांगावे. मार लागला, कुणी अपमान केला किंवा मूल एकाएकी गप्प झाले, तर मात्र प्रशिक्षकाची भीड न धरता पुढे व्हावे. आणि मार्चअखेर हंगामाचे मोजमाप एकाच प्रश्नाने करावे: पुढच्या सप्टेंबरात याला स्वतःहून परत यायचे आहे का? शेकडा नव्याण्णवांहून अधिक मुलांसाठी हॉकीची कारकीर्द म्हणजे एवढेच असते, पुन्हा खेळायला जावेसे वाटणे. तेवढे राखले तर वीस वर्षांचा हौशी खेळाडू, पन्नाशीतला स्वयंसेवक प्रशिक्षक आणि एखादा खराखुरा अव्वल खेळाडू, सगळे त्यातूनच येतील. ते गमावले, तर घरात साठलेल्या चषकांनी त्याची भरपाई होणार नाही.