बोटी वर काढायला जागा कुठाय?

मंडळी, पोस्ट लांब झालीय. पण ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

२६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद. मोजलं तर ९८ दिवस. दरवर्षी पत्र येतं, पेपरात चौकट येते, व्हॉट्सअॅपवर फिरते. बंदी योग्यच आहे, त्यावर वाद नाही. पण बोट बंद करा एवढंच सांगितलं जातं. बंद केलेली बोट पाण्याबाहेर काढायची कशी आणि ठेवायची कुठे, हे ज्याचं त्याने बघायचं. मालवण, तारकर्ली, देवबागची एवढी बोटवाली माणसं मग मेच्या शेवटच्या आठवड्यात एकाच उधाणाच्या भरतीची वाट बघत बसतात, आणि ती भरती आली की दोन दिवसांत जत्रा भरते.

आपल्या आजोबांच्या काळात हे काम सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण ते बसवलेलं होतं. आगोट जवळ आली की होडी वर घ्यायची, दहा-बारा माणसं हाताला, खाली ओंडके, तोंडाने गजर. मग झावळ्यांनी शाकारायची, ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. लाकडाची होडी, वर वजन नाही, इंजिन नाही. वाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली.

आज आपण फिरवतोय ती फायबरची बोट, मागे एक-दोन आउटबोर्ड. दीडशे हॉर्सपॉवरचं एक इंजिन दोनशे किलोच्या आसपास जातं. म्हणजे बोटीचं सगळं वजन मागे. ही बोट ओंडक्यावरून ओढली की तळाचा जेलकोट खरवडतो, आणि एकदा तो गेला की आतलं फायबर पाणी प्यायला लागतं. बाहेरून दिसत नाही. दोन हंगामांनी तळाला फोड येतात तेव्हा कळतं. म्हणून मग जेसीबी बोलवायचा. जेसीबी रस्ता खोदायला चांगला. त्याच्या बकेटला साखळी अडकवून बोट उचलली की साखळी काठाला चावते आणि झोक जातो मागे. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत एका बोटीची मागची फळी, ज्यावर इंजिन टांगतात तीच, कोपऱ्यात तडकली. मालकाने बघितली, ड्रायव्हरने बघितली. "काय होवचा नाय रे," असं कोणीतरी म्हणालं. वरून पुट्टी आणि रंग मारला की सप्टेंबरात ती फळी नवी दिसते. तिच्यावर दोनशे किलोचं इंजिन आणि पुढे कोणाची तरी पोरंबाळं.

उचलायची तर हायड्रा आणि रुंद पट्टे पाहिजेत. दोन पट्टे, एक पुढे आणि एक मागे, मागचा इंजिनच्या बाजूला सरकवून. उचलण्याआधी बोटीतलं पाणी काढलेलं, पेट्रोलची टाकी उतरवलेली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते उचलताना एका बाजूला धावतं. हे काही रॉकेट उडवण्याचं शास्त्र नाही. पण हायड्राचं भाडं एकट्या माणसाला परवडत नाही, आणि वाळूत हायड्रा रुततो. त्याला टणक जमीन लागते. ती जमीन आपल्याकडे कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न.

आता पावसाचं बघा. किनाऱ्यावर आडवी-तिडवी ठेवलेली बोट, वर ताडपत्री, आणि तळातलं बूच काढायला विसरलेले. आठ मीटर लांब, दोन मीटर रुंद बोट धरा. एका दिवसात २०० मिलिमीटर पडला, जो आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही, तर आत साधारण तीन टन पाणी. खाली तीन जुने टायर आणि एक दगड. बोट तिथेच पोट टेकते. आधार नेमका कण्याखाली आणि मागच्या फळीखाली द्यायचा असतो, पुढचं टोक जरा उंच, म्हणजे पाणी आपोआप बुचातून जातं. भाड्याच्या माडाच्या बागेत, दुसऱ्याच्या कुंपणाला टेकवून, चिखलात हे कसं जमणार?

इंजिनवाल्या दादांना वेगळं सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी लिहितो. थंड देशांत बोट हिवाळ्यासाठी बंद करतात, कारण इंजिनात पाणी गोठून ब्लॉक फुटतो. आपला शत्रू बर्फ नाही, मीठ आणि दमट हवा आहे. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, नाहीतर आत मिठाचा थर बसतो आणि सप्टेंबरात पहिल्याच दिवशी इंजिन तापतं. गिअर ऑइल आत्ताच बदला, हंगाम सुरू होताना नव्हे. काढलेलं तेल दुधासारखं पांढरं असेल तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय, आणि ते पाणी तीन महिने बेअरिंगवर बसून राहील. पंखा काढून शाफ्टला गुंडाळलेली तंगूस कापा, सील बहुतेक वेळा तीच खाते. सिलिंडरमध्ये तेल फवारा. बॅटरी सोडवून घरात आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. इंजिन आडवं टाकू नका, उभं ठेवा.

आणि पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तीन महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि इंजिन खालूनच पितं. टाकी रिकामी करा, कार्बोरेटर सुकवा. त्या उरलेल्या पेट्रोलचं आणि जुन्या तेलाचं काय करायचं? आज ते कुठे जातं हे तुम्हाला माहितीय. वाळूत. मग आपणच म्हणतो, काठाला मासळी येत नाही.

हे सगळं करायला पाणी लागतं, सिमेंटचा उतार लागतो, छप्पर लागतं, तेल टाकायला पिंप लागतो. यातलं एकही सार्वजनिक नाही.

काही जण म्हणतील, २६ मे तर ठरलेलीच असते, आधीपासून तयारी करा. पण समुद्र तारीख बघून येत नाही. तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं ते १६ मे २०२१ ला, म्हणजे बंदीच्या दहा दिवस आधी. ओखी डिसेंबरात आलं होतं, भर हंगामात. वादळाचा इशारा आला की हातात जेमतेम दोन दिवस असतात. तेवढ्यात बोटी वर घ्यायच्या तर भरती-ओहोटी न बघता कधीही वापरता येईल असा उतार पाहिजे. तो नसला की आपण बोटी खाडीत नेऊन एकाला एक बांधतो, नांगर डबल टाकतो आणि देव पाण्यात ठेवतो.

लगेच कोणीतरी मरिना म्हणेल. मला मरिना नको. गोव्यात नावशीला मच्छीमारांनी मरिनाला विरोध केला तो उगाच नाही. श्रीमंतांच्या यॉट लागणार आणि आपल्याला तिकडे गाडीसुद्धा लावता येणार नाही. मी मागतोय ते फार छोटं आहे. एक सिमेंटचा रॅम्प, वर टणक केलेलं आवार, गोड्या पाण्याचा नळ, जुन्या तेलाचा पिंप, आणि मेच्या शेवटी व ऑगस्टच्या शेवटी ठरलेल्या दरात पंधरा-पंधरा दिवस हायड्रा. पर्यटनाच्या बोटी आणि मच्छीमारांच्या बोटी, दोघांसाठी. मच्छीमारांची बंदी १ जूनपासून, त्यामुळे दिवस वाटून घेता येतात. सीआरझेडचं कारण पुढे येईलच, पण जेट्टी, स्लिपवे यांसारखी पाण्याकाठीच होऊ शकणारी कामं रीतसर परवानगी घेऊन करता येतात.

अजून एक. दरवर्षी सर्व्हे होतो तो बोट रंगवून, सजवून पाण्यात उभी असताना कशाला? बोट आवारात उलटी-सुलटी उघडी पडलेली असते तेव्हा या की. तळ दिसतो, मागची फळी दिसते, पुट्टी लागण्याआधीची तडक दिसते. सर्व्हेअरचं काम सोपं आणि खरं होईल. काही मालकांना हे आवडणार नाही, माहितीय.

जागा कुठे यावर भांडण होणार. देवबागची माणसं कर्लीच्या बाजूला म्हणतील, मालवणची जेट्टीजवळ. देवबागची पट्टी आधीच दोन्हीकडून कापली जातेय, त्यामुळे तिथे समुद्राच्या अंगाला काही बांधू नये असं माझं मत. खाडीच्या अंगाला बघा. पण आधी मागणी तरी कागदावर येऊ दे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, मसुदा तयार आहे. बोटीचा आकार, इंजिन आणि यंदा ती कुठे ठेवताय एवढं मला मेसेज करा, म्हणजे किती बोटींसाठी जागा लागेल याचा आकडा ठरावात घालता येईल.