रांगेतले घर आणि एजंटचे प्रश्न



लग्नातला अवाजवी खर्च, मुलांची शाळा, वर्षावासातले ग्रंथवाचन असे विषय आम्ही या सदरात नेहमी घेतो. या खेपेस विषय विटा-सिमेंटचा आहे. आमची भाची आणि जावईबापू नाशिकला रो-हाऊस शोधत आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला त्या आठवड्यापासून शोध सुरू आहे आणि मामा या नात्याने आम्हीही त्यांच्यामागे पायपीट करीत आहोत.

जावईबापू अंबडच्या एमआयडीसीत मशीनवर, भाची एका खाजगी दवाखान्यात परिचारिका. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुले आणि जावयाची आई. सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांत कामगारांसाठी घरे बांधली, त्यातले एखादे त्यांच्या वडिलांनी तेव्हा घेतले असते तर आज हा खटाटोप नव्हता. पण तेव्हा गावाकडे दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. असो.

फ्लॅट का नको, असे आम्ही विचारले. उत्तर आजींनी दिले. त्यांना स्वतःचा उंबरा हवा, दारात चार कुंड्या हव्यात आणि चौदा एप्रिलला दिव्यांची माळ लावायची तर कुणा सेक्रेटरीला विचारावे लागू नये. आम्हाला ते पटले.

बाजाराची तऱ्हा अशी, की गुरुवारी फोनवर अडतीस लाख सांगितलेले घर रविवारी चाळीस लाखांचे होते. कारण विचारले तर एजंट म्हणतो, "२०२७ चा कुंभमेळा आलाय, भाव आता खाली येत नाही." जावईबापूंची पहिली पाळी साडेतीनला सुटते. ते पोहोचेपर्यंत मोटारीतून आलेली एखादी पार्टी घर बघून, हातावर टोकन ठेवून गेलेली असते. पहिले घर असेच गेले. आत पाऊलसुद्धा टाकता आले नाही.

दुसरे घर सर्वांना आवडले. सहा घरांची रांग, त्यातले चौथे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम, वर दोन खोल्या, मागे वीतभर अंगण. एजंटने पाणी पाजले आणि गप्पा सुरू केल्या. जावयाचे आडनाव दोन्हीकडचे आहे, मराठ्यांतही सापडते आणि आपल्यातही. तेव्हा त्याने गाव विचारले. गावावरून उलगडा होईना तेव्हा कुलदैवत विचारले. आम्ही घसा खाकरून पाण्याच्या मीटरचा विषय काढला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. समाजाच्या साप्ताहिकात इतकी वर्षे लिहिणारे आम्ही त्या क्षणी गप्प राहण्याच्या बाजूचे होतो. घर हाती येऊ दे, मग सांगू, असा हिशेब मनात होता. जावईबापूही जमिनीकडे बघत होते.

भाची म्हणाली, "आमचं कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध आहोत. घराची किंमत सांगा."

एजंट हसला. "माझं काही नाही हो ताई, मालक जरा जुन्या वळणाचे आहेत." पुढे आपणहून म्हणाला, की अमुक बाजूला तुमच्या लोकांची चांगली वस्ती आहे, तिकडे दाखवतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, घर विकले गेले. आठ दिवसांनी तिकडून जाताना पाटी तशीच होती. आम्ही एका मित्राला, ज्यांच्या आडनावाची कुणी चौकशी करीत नाही, त्या नंबरवर फोन करायला सांगितले. त्यांना उत्तर मिळाले, "रविवारी बायकामुलांना घेऊन या."

हीच रीत वापरून सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली राजधानी परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर तेच, पण विचारणाऱ्याचे नाव बदलले की उत्तर बदलते, हे त्यांनी मोजून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने तर २००५ साली एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी चालू शकतो, असा निकाल दिला. १९१७ चा बडोद्याचा प्रसंग आपल्या घराघरांत मुलांना सांगितला जातो, तो येथे पुन्हा सांगत नाही. फरक एवढाच, की आता काठ्या घेऊन कुणी दारात येत नाही, "विकलं गेलं" एवढा फोन येतो. अशा फोनविरुद्ध तक्रार कुठे आणि कशी करायची? पुरावा काय, तर एक फोन आणि एक पाटी. ती पाटी अजून तिथेच आहे.

त्या रात्री घरात वाद झाला. जावईबापूंचे म्हणणे, खोटे बोलायचे नाही पण न विचारलेले सांगायचेही नाही. भाचीचे म्हणणे, ज्याला आपण नको आहोत त्याच्या भिंतीला भिंत लावून पन्नास वर्षे कशी काढायची? रो-हाऊसची भिंत सामाईक असते हे ती विसरली नव्हती. दोघांचेही खरे आहे. आम्ही निवाडा दिला नाही.

तिसऱ्या घराची गोष्ट वेगळी. मालक आपल्यातलाच, जयभीम घालून चहा पाजणारा. म्हणाला, अजून दोन पार्ट्या येताहेत, आज संध्याकाळी एक लाख विसार द्या. भाची गळ्यातली पोत गहाण ठेवायला उठली. आम्ही म्हटले, आधी कागद बघू. कागद पाहिले तेव्हा सातबाऱ्यावर भावकीची दहा नावे आणि महापालिकेचा मंजूर नकाशा फक्त तळमजल्याचा. वरच्या दोन खोल्या नकाशात नव्हत्याच. पूर्णत्वाचा दाखला मागितला तर "भरलाय अर्ज" असे उत्तर. आम्ही विसार देऊ दिला नाही. चार दिवसांत ते घर दुसऱ्याने घेतले आणि जावईबापू आमच्याशी आठवडाभर मोजकेच बोलले. "मामा, तुमच्या कागदांपायी घर गेलं," एवढे म्हणाले. आपल्या माणसाचे घर म्हणून सातबारा बघायचा नाही, ही भाबडेपणाची सवय आपल्याकडे फार आहे.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. २०१७ पासून महारेरा आहे. नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो आणि नोंदणीकृत साठेखत झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील तर कायद्याने ही नोंदणी सक्तीची नाही. रो-हाऊसची रांग बहुधा सहा-आठ घरांचीच असते! म्हणजे आपण जे घर बघायला जातो तेच नेमके चाळणीतून खाली पडते. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याने घेतले तर तेथेही महारेराचा आधार नाही. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एवढेच आपले संरक्षण.

पैशाचा हिशेब भाचीने वहीत मांडला आहे. चाळीस लाखांच्या घराला बँक फार तर ऐंशी टक्के, म्हणजे बत्तीस लाख देते. आठ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क बँक त्यात धरत नाही. सहा टक्क्यांनी ते दोन लाख चाळीस हजार, शिवाय नोंदणीचे तीस हजार. मात्र खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे चाळीस हजार वाचतात. जोडीला नवऱ्याचे नाव घातले की सवलत गेली. जावईबापूंना हे सांगितले तेव्हा ते दोन मिनिटे गप्प होते. मग म्हणाले, "कर्जाला दोघं राहू, घर तिच्या नावावर करू." त्या दोन मिनिटांबद्दल आम्ही त्यांना काही म्हणणार नाही.

आजींना मात्र कर्जाची धास्ती आहे. वीस वर्षे हप्ते! भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋणमुक्तीचे सुख आहे, हे त्यांनी विहारात ऐकले आहे. पण त्याच चारांत कष्टाने मिळवलेली मालमत्ता असण्याचेही सुख आहे. हे आम्ही सांगितले, तरी त्यांचे समाधान झाले नाही.

मध्यंतरी एका रविवारी घरे बघायचा कंटाळा आला म्हणून सगळे त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर पाऊण असे व्याज. शिवाय हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवून ठेवला, असे त्यात कोरले आहे. जावईबापूंनी दोनदा विचारले, "दप्तरात नोंदवला?" एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाचा जावई विणकरांशी व्यवहार करताना नोंदणी करीत होता. उतरताना ते आमच्याशी पुन्हा नीट बोलू लागले.

येत्या रविवारी आडगावच्या बाजूला चौथे घर बघायचे आहे. मालक सेवानिवृत्त, मुलाकडे पुण्याला निघालेले. भाचीने फोनवर पहिल्याच वाक्यात आपण बौद्ध असल्याचे सांगितले. पलीकडून विचारले गेले, "कर्ज मंजूर आहे का?" पूर्णत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स तयार ठेवतो, असेही ते म्हणाले. भाव एकेचाळीस सांगितला आहे. तो किती उतरतो ते तिथे गेल्यावर कळेल. भाचीने पर्समध्ये मोजपट्टी टाकली आहे, कारण सांगितलेल्या क्षेत्रफळातले किती जिन्यातच जाते हे तिला मोजायचे आहे. आजींनी एवढेच विचारून घ्यायला सांगितले आहे, की संडास खाली आहे ना.