गाळा चालवतात बायका, सही मात्र मालकाची

आमच्या वस्तीतल्या घरकामगार बायकांनी पाळणाघरासाठी दहा बाय पंधरा फुटांचा गाळा भाड्याने घेतला. आधी तिथे शिंप्याचं दुकान होतं. रंग बायकांनीच दिला, सतरंज्या घरोघरून आल्या. तिसऱ्या महिन्यात वरच्या मजल्यावरून मुलांच्या गलक्याची तक्रार गेली आणि नोटीस आली. नोटिशीत गलक्याचा उल्लेखही नव्हता. कारण दिलं होतं : विनापरवाना वापरात बदल.

‘‘आम्ही भिंत पाडली नाही, वीट लावली नाही, मग बदल कसला?’’ एका मावशींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण कायदा वेगळं सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ‘विकास’ म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे. जागेच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच, आणि त्याला परवानगी लागते. दुकान म्हणून मंजूर झालेल्या जागेत लहान मुलं ठेवायची, तर उजेड, हवा, संडास, बाहेर पडायची वाट, आगीपासून बचाव हे सगळं नव्याने पाहावं लागतं.

हे नियम नकोत असं मी म्हणणार नाही. २००४ साली तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. वर गवती छप्पर होतं, जिना अरुंद होता. गरिबांच्या मुलांना कमी सुरक्षितता चालेल असं कोणी म्हटलं, तर विरोधाला आपणच उभ्या राहू.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे नियम करताना अर्जदार म्हणून कोण गृहीत धरलं आहे? मालकीचा कागद हवा, वास्तुविशारदाने काढलेले नकाशे हवेत, शुल्क हवं. भाडेकरू असाल तर मालकाची संमती हवी. आमचा मालक भाडं घ्यायला तयार, सही द्यायला नाही. जागा मंजूर नकाशाशी ताडून पाहिली तर त्याने बेकायदा चढवलेला पोटमाळा उघडा पडेल, ही त्याची भीती. चूक त्याची, कुलूप मात्र पाळणाघराला लागलं. मुलं आता थोरल्या बहिणी सांभाळतात. त्यांतल्या दोघींची शाळा सुटली.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. चार घरची धुणीभांडी करणारीची आस्थापना कोणती? तिला स्वतःच गाळा शोधावा लागतो, आणि तिथे हे कागद आडवे येतात.

म्हणून मैत्रिणींनो, पाळणाघर असो की सल्ला केंद्र, अनामत रक्कम देण्याआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. वापरबदलाच्या अर्जावर मालक सही करील, ही अट भाडेकरारातच घाला. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. मात्र आपला बेत नियमांत बसणारा असला तरच. नकार आला तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. हे आम्हाला नोटीस आल्यावर कळलं.

पण एकेका गटाच्या सावधगिरीने हा प्रश्न सुटणार नाही. आपापल्या पालिकेकडे आपण एकत्रितपणे मागू या : कोणते कागद लागतात त्याची सोप्या मराठीतली यादी प्रभाग कार्यालयात लावा. ना-नफा पाळणाघरांना शुल्क माफ करा आणि नकाशासाठी पालिकेच्या खर्चाने वास्तुविशारद द्या. धोका तातडीचा नसेल तर कुलूप लावण्याआधी त्रुटी दुरुस्त करायला मुदत द्या. आणि पालिकेच्या मालकीचे गाळे रिकामे असतील, तर ते पाळणाघरांना आधी द्या. तिथे मालक पालिकाच असेल. सहीसाठी कोणाच्या पोटमाळ्याची भीती आड येणार नाही.