निळ्या रेषेशी भांडण कशासाठी?

कोल्हापूर असो, सांगली असो की चिपळूण, पूररेषेचा नकाशा जाहीर झाला की ठरलेली वाक्ये कानावर येतात. "आमच्या घरात आजवर पाणी आलेलं नाही." "शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आज आमच्या जागेचा भाव का पाडता?" "पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो, शिक्षा मात्र आम्हाला." विम्याचा विषय काढला की आणखी दोन वाक्ये येतात: "कंपन्या पैसे देतात कुठे?" आणि "सरकार पंचनामा करतंच की." असे बोलणाऱ्यांना मी अडाणी समजत नाही. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेले घर नकाशात निळ्या रेषेच्या आत दिसले, तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. तरीही यातले जवळजवळ प्रत्येक म्हणणे चुकीचे आहे, आणि त्याचा भुर्दंड याच घरमालकांना पडतो.

आधी रेषा म्हणजे काय ते पाहू. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती लाल रेषा, असे ढोबळमानाने समजावे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे मोकळ्या जागेचेच वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित; तिथे बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घ्यावे लागते.

घोटाळा होतो तो 'सरासरी' या शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने. पंचवीस वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निश्चिंती, असा अर्थ लोक लावतात. पिशवीत पंचवीस चिठ्ठ्या आहेत, त्यांतल्या एकीवर 'पूर' लिहिले आहे, आणि दर पावसाळ्यात एक चिठ्ठी उचलून परत पिशवीत टाकायची आहे, असे समजा. यंदा 'पूर' निघाला म्हणून पुढच्या वर्षी तो निघायचा राहत नाही. दरवर्षीची शक्यता चार टक्केच आहे. पण वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ही चिठ्ठी एकदा तरी निघण्याची शक्यता पंचावन्न टक्क्यांहून जास्त होते आणि तीस वर्षांत ती सत्तर टक्के होते. ज्या लाल रेषेला 'शंभर वर्षांचा पूर' म्हणून आपण हसण्यावारी नेतो, तिथेसुद्धा तीस वर्षांत पाणी येण्याची शक्यता सव्वीस टक्के, म्हणजे चारात एक आहे. चार घरांपैकी एक जळणार हे ठाऊक असताना आपण आगीचा विमा टाळला असता का?

पंचगंगेने हे आकडे कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर मांडले आहेत. २००५, २०१९ आणि २०२१. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांवर होती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. "आमच्या घरात आजवर आलं नाही" हे वाक्य २०१९ च्या जुलैपर्यंत किती घरांत खऱ्या अर्थाने म्हणता येत होते, आणि ऑगस्टअखेर त्यांतल्या किती घरांत म्हणता येईनासे झाले, याचा विचार करावा. धरणांतला विसर्ग, नदीपात्रातले भराव, डोंगरातला पाऊस, सगळेच बदलते आहे. जुन्या आठवणीवर घराची सुरक्षितता मोजता येत नाही.

अलमट्टीचा वाद खरा आहे, तो दोन राज्यांनी आणि तज्ज्ञांनी लढावा. पण पाणी कुणामुळे आले यावर भिंतीला पडलेली भेग कमी-जास्त होत नाही. दोष ठरेपर्यंत घर दुरुस्त करायचेच असते.

आता पंचनाम्याचे पाहू. २०१९ मध्ये राज्याने तातडीची मदत म्हणून ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये दिले. त्या दिवसांत चूल पेटायला त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण आपत्ती निधीच्या २०२२ नंतरच्या केंद्रीय निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत आणि पंधरा टक्के वा जास्त नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. राज्य कधी यात भर घालते, कधी नाही. साडेसहा हजारांत एका खोलीचा गिलावाही होत नाही. ती मदत माणसाला उभे करण्यासाठी आहे. घर उभे करण्याची रक्कम ती कधीच नव्हती.

विमा कंपन्यांवरचा आरोप मात्र सरसकट खोडता येणार नाही. दावे रेंगाळतात, रक्कम कापली जाते. पण त्यामागे अनेकदा न वाचता घेतलेली पॉलिसी असते. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे. तिचा मजकूर आणि अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच, आणि पूर तिच्या मूळ संरक्षणातच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. विम्याची रक्कम पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर ठरते. जमिनीची किंमत तिच्यात धरत नाहीत. म्हणूनच हप्ता आपण समजतो तितका मोठा नसतो. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, यादी न देताही संरक्षण मिळते. पूर्वी विमा कमी रकमेचा निघाला तर दावाही त्या प्रमाणात कापत. या पॉलिसीत ती कपात नाही. कुंपणभिंत आणि पाण्याची टाकीही घराच्या व्याख्येत येतात. दागिन्यांसाठी मात्र वेगळी नोंद करावी लागते.

बँकेने कर्जाबरोबर 'विमा' लावला म्हणून निर्धास्त राहणारे खूप आहेत. तो कागद एकदा काढून वाचा. अनेकदा तो कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा असतो. पुराशी त्याचा काहीही संबंध नसतो. घराचा असला तरी कर्जाच्या रकमेपुरता असू शकतो आणि सामान त्यात नसू शकते.

कागद नीट असेल तर लढताही येते. जून लागण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, बिले फोनवर ठेवावीत, पाणी ओसरताच भिंतीवरची पाण्याची खूण टिपावी आणि सर्व्हेअर येईपर्यंत बुडालेले सामान उकिरड्यावर टाकू नये. कंपनीने ऐकले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण पाणी गल्लीत शिरल्यावर पॉलिसी शोधू लागलात तर लोकपालही काही करू शकणार नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. विमा मिळतोय म्हणून लोक पूरपट्ट्यात बिनधास्त बांधतील, असे काही जण म्हणतात. अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे. तिथे तीच तीच घरे पुन्हा पुन्हा बुडाली, पुन्हा पुन्हा भरपाई मिळाली, आणि २०१७ मध्ये संसदेला त्या योजनेचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. यातून विमा नको असा निष्कर्ष काढणे चूक आहे. विमा रेषेच्या जागी बसवला की असे होते, म्हणून रेषा आधी हवी आणि विमा तिच्या मागून. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नकोच, मग ते विम्यासह असो वा विम्याशिवाय. रेषा सरकवण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की रेषा पुसली तरी जोखीम जागेवरच राहते. फक्त पुढच्या खरेदीदाराला ती दिसत नाही.

तेव्हा मागणी करायची तर ती अशी करावी. प्रत्येक गटनंबरासमोर त्या जागेची पूरपातळी मीटरमध्ये नोंदवलेली असावी. फ्लॅट असो की प्लॉट, खरेदीखतात ती रेषा बिल्डरने स्वतःच्या सहीने जाहीर करावी, आणि दुय्यम निबंधकाने त्या नोंदीशिवाय दस्त घेऊ नये. दर मोठ्या पुरानंतर रेषा नव्याने आखावी आणि तिचा हिशेब लोकांना मराठीत उघड करावा. कुंभार गल्लीतल्या, सुतारवाड्यातल्या, गावठाणातल्या जुन्या घरांना हलायला जागा नाही. त्यांच्या हप्त्याचा वाटा राज्याने उचलावा. दर पुरानंतर पंचनाम्यांवर जाणाऱ्या पैशातला काही भाग आधीच असा खर्च झाला, तर त्या घरांना साडेसहा हजारांऐवजी दुरुस्तीला पुरेल अशी रक्कम मिळेल.