पावसाआधी एकदा धुराकडे बघा



जव्हार-मोखाड्यात मृग तोंडावर आला आहे. वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं गाठोडी-भांडी घेऊन पाड्यांवर परतू लागली आहेत. बियाणं, खत, किराणा, आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांची वाट घाटातूनच जाते आणि एसटी चुकली की आधार उरतो तो डिझेलवरच्या जुन्या जीपचा. पहिली सर आली की या जीपचे बाजूचे पडदे खाली सुटतील. मागची बाजू मात्र चढण्या-उतरण्यासाठी उघडीच राहील. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर त्या उघड्या जागेतून आत ओढला जातो. मागच्या बाकावर कोण बसतं ते आठवा. मांडीवर बाळ घेतलेली आई, शाळेला निघालेली मुलं. म्हणून हे आवाहन आजच, पाऊस पडायच्या आत.

काळा धूर म्हणजे गाडीत दम आहे, असं आपल्याकडे अनेक चालक मानतात. इंजिनाचं शास्त्र याच्या उलट सांगतं. जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात दर फेरीला आत येणारी हवा जवळपास ठरलेली असते. एक्सिलेटर दाबला की वाढतं ते डिझेल. तोरंगण घाटात दहाच्या जागी वीस माणसं भरून गाडी चढाला रेटली की डिझेल जास्त पडतं आणि ते जाळायला हवा पुरत नाही. अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होते, तोच तो काळा लोट. एअर फिल्टर उन्हाळ्याच्या धुळीनं चोंदला असेल, नोझल बारीक फवारा मारायचं सोडून थेंब गाळत असेल, तर सपाट रस्त्यावरही तसाच लोट निघतो. पंपावर रोख मोजून घेतलेलं डिझेलच आपण घाटात उधळत असतो. धूर निळसर असेल तर ऑइल जळतं आहे, पिस्टन रिंग बघायला हव्यात. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडतं आहे किंवा कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आहे. धुराचा रंग ओळखणारा मेकॅनिक इंजिन न खोलता निम्मा आजार सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर याच गटात आहे. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या तालुक्यांना हे आणखी गंभीरपणे घ्यावं लागेल. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली आणि तालुक्याचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं. कुपोषित मुलाला न्यूमोनिया लवकर गाठतो आणि लवकर सोडत नाही. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या त्या मुलाला दवाखान्यात नेताना तरी आणखी धूर पाजू नये, एवढं आपल्या हातात आहे.

काही जण म्हणतील, गाडीचं पीयूसी आहे. पीयूसी काढलंच पाहिजे, तो कायदा आहे. पण डिझेल गाडीची ही तपासणी उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना काय सोडते, ते त्या कागदावर येत नाही. हा फरक जगाला दाखवला तो अभियांत्रिकीच्या संशोधकांनी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूनं 2013 मध्ये मोजणीचं यंत्र डिझेल मोटारींमध्येच ठेवलं आणि त्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेली एक मोटार रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या 35 पटींपर्यंत सोडत होती. त्या मोजणीतून 2015 मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले, डिझेल मोटारीच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 मिलिग्रॅमवर आली आणि 2023 पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरची कसोटीही लागली. घाटात चालणाऱ्या जुन्या गाड्यांना यातलं काही लागू नाही. त्यांच्यासाठी नियम आपणच करायचा आहे.

म्हणून कळकळीची विनंती आहे:

चालक-मालकांनो, पावसाआधी एअर फिल्टर बदला, नोझल आणि पंप तपासून घ्या, सायलेन्सरची गळती बंद करा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. स्टँडवर सीट भरेपर्यंत इंजिन चालू ठेवू नका. माणसं मोजून घ्या. लहान मुलांना मागच्या टोकाला बसवू नका. बीएस-6 गाडीतलं काजळीचं फिल्टर चोंदलं म्हणून काढून टाकू नका. फिल्टरचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालवा, बहुतेक वेळा काजळी आतच जळून जाते.

दुकानदार, गिरणीवाले आणि मंडप-साउंडवाल्यांनो, पावसात वीज जाईल, जनरेटर लागतील. ते बंद खोलीत, ओसरीवर किंवा खिडकीखाली कधीही चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. डोकं दुखू लागलं, गरगरलं, मळमळलं तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा.

ग्रामपंचायतींनो, बाजाराच्या दिवशी जीपचा थांबा शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याच्या दारापासून दूर ठेवा.

अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनो, आयआयटी मुंबईचं 'सितारा' केंद्र 1985 पासून गावाच्या प्रश्नांवर काम करत आलं आहे. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागातल्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास तिथल्या मंडळींनी पाड्यांवर येऊन केला. धुरासाठीही तसेच या. विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जव्हारच्या घाटात आणा, भरलेल्या जीपला यंत्र लावा आणि जे आकडे येतील ते मराठीत, स्टँडवरच्या फलकावर लिहा.

आणि प्रवाशांनो, समोरची गाडी काळा धूर ओकत असेल तर चालकदादाला नीट शब्दांत सांगा. तोही रोज तोच धूर गिळतो, त्याचीही मुलं याच रस्त्यानं शाळेत जातात. पाऊस यायला थोडेच दिवस उरले आहेत. उद्या सकाळी पहिली फेरी मारण्याआधी बॉनेट उघडा आणि एअर फिल्टर बाहेर काढून बघा.